वरनं सोडलेली भाकरी

"हात पुढं कर. खाली वाक, अजून खाली. हां, आता मायबाप म्हण."

पाहुणा असं म्हणला आणि त्यानं उभ्यानं, वरनं भाकरी सोडली. माझ्या ओंजळीत. भाकरीवर चिलापी माशाचा काटा, त्यानंच चोखून ठेवलेला. त्याच्या दोस्तानं मोबाईल धरलेला. खुर्च्यांवरच्या बाया टाळ्या वाजवत व्हत्या. टळटळीत दुपार. मागं उजनीचं पाणी, पाण्यात लांबच्या मुलखातनं आलेले पक्षी उभे.

पळसदेवच्या पुढं, पाण्याच्या कडंला तात्याचं हॉटेल हाय. हॉटेल म्हणायचं न्हाय, 'जुना गाव' म्हणायचं. पुण्याची माणसं चुलीवरचं खायला, बोटीत फिरायला, पक्षी बघायला येत्यात. आणि माझी हलगी ऐकायला. मी मांगवाड्यातला. हलगी आज्याची. बापानंबी वाजवली, पण वाजवून झाल्यावर दारात वाकायचं त्यानं सोडलं. त्यापायी गावानं त्याला तुडवला, तरी पुन्हा वाकला न्हाय.

मी ते परत सुरू केलं. तात्या म्हणला, "अरं, नाटक हाय निसतं. पाहुणे आले की फाटकात वाकायचं, जोहार घालायचा. शहरातल्यांना जुनं बघायला आवडतं." मलाबी वाटलं, नाटकात कुणी राजा व्हतो, कुणी चोर व्हतो, त्यात काय बिघडलं? हीच माझी चूक. बाप खाटंवरनं म्हणला व्हता, "लेका, नाटकातला राजा घरी गेल्यावर राजा राहत न्हाय. नाटकातला मांग घरी गेल्यावरबी मांगच राहतो." मी हसण्यावारी नेलं. अक्कल गहाण पडली व्हती माझी.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती भाकरी माझ्या बायकोनं थापलेली. कुडाच्या भिंतीमागं चूल, चुलीपुढं ती. सकाळपासनं ज्वारीच्या भाकरी थापायची. तात्या पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या मंडळींच्या हातची भाकरी हाय, खाऊन तर बघा." तात्याची मंडळी बारामतीला बंगल्यात. तिनं परात कधी हातात धरली असंल का, देव जाणं. माझ्या बायकोला कुडाबाहेर यायची बंदी. पाहुण्यांना धूर दिसला पायजे, धूर खाणारी न्हाय. आमाला दोघांनाबी हे म्हाईत व्हतं आणि आमी दोघंबी गप बसलो व्हतो. हेबी लिहून ठेवा.

तर भाकरी माझ्या ओंजळीत पडली. माझ्या बायकोच्या बोटांचे ठसे त्या भाकरीवर. आणि काटा.

मी ताठ झालो. भाकरी त्याच्या टेबलावर ठिवली. म्हणलो, "साहेब, एवढं ठरलं नव्हतं."

तात्या मागनं वरडला, "खा की रं! मजा करत्यात माणसं!"

पाहुण्याचं तोंड उतरलं. त्याचा व्हिडिओ बिघडला ना. मी हलगी पाचटाच्या जाळावर तापवत ठिवली व्हती, कातडं ताणून आवाज चढावा म्हणून. तो उठला आणि हातातली गार बिअर त्यानं सगळी हलगीवर वतली. चर्र झालं. भिजलेलं कातडं ढिलं पडतं, हलगी मुकी पडती. तो हसला. "आता वाजव," म्हणला.

पहिला हात मीच उचलला. खोटं कशाला बोलू? कानाखाली अशी दिली की खुर्चीसकट मागं गेला. मंग तात्याच्या दोन गड्यांनी मला धरला आणि तात्यानं बुटाची लाथ तोंडावर मारली. एकदा. दोनदा. पुढचा दात तुटून मातीत पडला. तोंडात रगात, रगतात राख. "जातीवर गेलास ना भडव्या!" तात्या म्हणला. मंग त्यानं हलगीवर पाय दिला. फाडकन आवाज झाला. आज्याच्या हलगीतनं तात्याचा बूट आरपार गेला. मी गुरागत वरडलो.

तेवढ्यात कूड पडला.

बायको बाहेर आली. मनगटापत्तूर पीठ. हातात चुलीतलं पेटतं लाकूड. ती थेट गड्यांच्या तोंडाशी लाकूड नेत आली, तसे दोघंबी मला सोडून मागं पळाले. तात्याकडं तिनं बघितलंबी न्हाय. पाहुण्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"सकाळधरनं खाताय ती भाकरी माझ्या हातची हाय. मी ह्याची बायको. खाल्लेलं आता वका."

वकलं कुणी न्हाय. पण एका बाईनं हातातला घास हळूच ताटात ठिवला. टाळ्या वाजवणारीच ती. बोटं रुमालाला पुसली. दात तुटला त्याचं दुखणं चार दिवसांत गेलं. तो खाली ठिवलेला घास मातुर अजून माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाय.

आमी त्याच पावली इंदापूरला गेलो आणि केस केली. फुटकी हलगी मुद्देमालात जमा झाली.

मंग तात्या आमच्या दारात आला. गावातली दोन जाणती माणसं संगं घेऊन, हात जोडून. "झालं गेलं गंगेला मिळालं. नाटकच व्हतं रं ते. मिटवून टाक."

मी काय बोलायच्या आत बायकोनं ताट आणलं. तव्यावरची ताजी भाकरी, वर मिरचीचा ठेचा. तात्याच्या पुढ्यात ठिवलं.

"खावा तात्या. मंग बोलू."

तात्या ताटाकडं बघत बसला. जाणती माणसं छपराकडं बघाय लागली.

"आज उपास हाय माझा," तात्या म्हणला. बोलताना गालात तंबाखूचा मावा धरलेला.

बाप खाटंवर हसला. लई वर्सांनी हसला.

मी म्हणलो, "मंग कोर्टात भेटू."

आता बारामतीला तारीख पडती. आमी दोघंबी जातो, ताठ उभं राहतो. मी दुसरी हलगी मढवली हाय. तात्या अजून माणसं धाडतो मिटवायला. कुणीबी आलं की बायको पहिलं ताट पुढं करती. अजून एकानंबी घास मोडलेला न्हाय. आणि उद्या कुणी अख्खी भाकरी खाल्ली, तरी केस मी मागं घेणार न्हाय.