उजव्या चाकाचा नट

आईवडिलांनी मला शिकवलं, पण त्या शिक्षणाचं पुढे काय करायचं हे मला काकांनी दाखवलं. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार त्यांचे आहेत. ते माझे सख्खे काका नव्हेत. बी.ई. होऊन मुलाखतीसाठी दिल्लीला आलो, तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात खोली मागायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने आमदाराचं पत्र विचारलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आमदारापर्यंत अजून कुणीच पोचलं नव्हतं. बॅग उचलून निघालो, तर कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "कुठला रे तू? जेवलास का?"

ते काका. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे. पहिला पगार हातात येईपर्यंत मी त्याच घरात राहिलो. मुलाखतीत खुर्चीच्या कडेवर बसायचं नाही, नीट पाठ टेकून बसायचं, हेसुद्धा मला त्यांनी शिकवलं. त्यांना 'नाही' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

काकांची एक गाडी आहे. दोन सीटची, कापडी टपाची, गडद हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दिल्ली सोडून चाललेल्या एका दूतावासातल्या अधिकाऱ्याकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. पुढे ती क्वार्टरमागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये नुसती उभी राहिली. मी फरीदाबादला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो आणि काकांनी जाहीर केलं, आता घरचा इंजिनिअर आहे, गाडी रस्त्यावर आणायची.

तेव्हापासून माझे शनिवार त्या गाडीचे झाले. काचेभोवतीचं रबर कोलकात्याहून मागवलं, ते आखूड आलं. मागच्या दिव्याची लाल काच पुण्याच्या एका हौशी माणसाने दिली, पण गाडीचा फोटो बघितल्याशिवाय हातची सोडली नाही. काश्मिरी गेटचा एक दुकानदार म्हणाला, "अंकलजी, इसका पार्ट तो म्यूज़ियम में मिलेगा." काका शांतपणे म्हणाले, "पता दीजिए."

शेवटी अडलं ते मागच्या उजव्या चाकापाशी. या गाडीचं चाक चार-पाच बोल्टांनी बसत नाही. तारांचं चाक हबवर, म्हणजे धुरेच्या टोकाच्या दातेरी भागावर, सरकवायचं, हबचे दाते चाकाच्या खाचांत बसतात, आणि मग मधोमध एकच मोठा, दोन कानांचा नट तांब्याच्या हातोडीने ठोकून आवळायचा. आमच्या त्या हबचे दाते झिजून बोथट झाले होते. गिअर टाकला की आतून टक्क असा आवाज यायचा. नवा हब मिळाल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नव्हती, आणि इंडिया गेटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळावा रविवारवर आला होता. काकांनी नाव नोंदवलं होतं. बाजूच्या सीटवर त्यांची नात बसणार होती. काकांच्या लायसन्सची मुदत त्या हिवाळ्यात संपत होती आणि या वयात ते पुन्हा मिळेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. म्हणजे हा रविवार गेला तर गेलाच.

शुक्रवारी काकांचा फोन आला. "इंजिनिअर, तुझ्यावाचून काम झालं. मायापुरीच्या भंगारबाजारात हब मिळाला. अशाच एका गाडीचा, भंगारात निघालेला. दाते कसे आहेत, सांगू? कोरे!"

शनिवारी सकाळी पोचलो, तर चाक बसलेलं होतं. काकांनी चाक बसवायला बोलावलेला मिस्त्री गॅरेजच्या दारात चहा पीत होता. नातीने पुढच्या काचेवर झेंडूची माळ अडकवली होती. "दादा, देखो! एकदम झक्कास है ना?" ती म्हणाली. कॉलेजात शिकणारी ही मुलगी माझ्याशी निम्मं हिंदीत बोलते.

मी नटाला हात लावून पाहिला. दगडासारखा घट्ट होता.

"पुराना नट तो इस पे चढ़ा ही नहीं, साहब," मिस्त्री म्हणाला. "चूड़ी उलटी थी उसकी. हब के साथ जो आया, वो एकदम सीधा बैठ गया."

मी नटावरचा हात काढला. या गाडीच्या डाव्या बाजूचे नट नेहमीसारखे, उजवीकडे फिरवून आवळतात. उजव्या बाजूचे मुद्दाम उलट आट्यांचे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप आवळत राहावा, म्हणून ती योजना. मायापुरीतला हब डाव्या बाजूचा होता. दाते जुळले, भोकं जुळली, नटही बसला. पण त्या बाजूला चाक जसजसं फिरेल तसतसा हा नट सुटत जाणार होता.

मी काकांना सांगितलं. ते हसले.

"अरे, मी स्वतः हातोडी मारलीय त्याच्यावर. हलवून दाखव."

"उभ्या गाडीत नाही हलणार, काका. चालताना सुटेल."

"मग चालवून बघू. चल, बस."

निघण्याआधी मी नट आणि हब यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला असता तर रेघ तुटली असती. कॉलनीच्या आतल्या रस्त्याने आम्ही फेऱ्या मारल्या. स्कूटरवाले थांबून बघत होते, बाल्कनीतून एक बाई ओरडून काकांना शाबासकी देत होत्या, आणि मी एका कानाने मागच्या चाकाकडे लक्ष देत दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो. परत आल्यावर खाली वाकून पाहिलं. रेघ जशीच्या तशी होती.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. आपण फार हळू गेलो. मोठ्या रस्त्यावर, वेगात, ब्रेक मारताना..."

"ते इतकी वर्षं गाड्या खोलतायत मायापुरीत, त्यांना कळत नाही? याला कळत नाही?" त्यांनी मिस्त्रीकडे बोट केलं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. "साहब, मुझे इस गाड़ी का नहीं पता. मैं तो मारुति का आदमी हूँ."

"आजोबा, दादा बोलतोय तर एक बार सुन लो ना," नात म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी ही गाडी."

माझ्याकडे पुरावा नव्हता. जो होता तो खडूने काढलेला होता आणि काकांच्या बाजूने बोलत होता. कारखान्यात मी असा माल रोज अडवतो. तिथे माझ्या समोर माझे काका उभे नसतात. मी जॅक लावला, चाक वर घेतलं, हातोडी उचलली आणि नटाच्या कानावर मारली. काका "ठेव ते" म्हणाले. मी पुन्हा मारली. नट सुटला तेव्हा मी चाक काढून भिंतीला टेकवलं, धुरेखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि नट फडक्यात गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत टाकला. मिस्त्री हळूच गेटबाहेर गेला.

"हे माझ्या घरात?" काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"काका, उद्या हे चाक निघालं तर..."

"तोंडी नको." त्यांनी हात वर केला. "तोंडी आक्षेपाची मी आयुष्यात कधी दखल घेतली नाही. काय असेल ते लेखी दे." आणि ते आत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

मेट्रोच्या दारात तपासणीच्या यंत्राने माझी बॅग अडवली. जवानाने फडकं सोडलं आणि तो नट हातात तोलून बघितला. "ये क्या चीज़ है?"

"गाड़ी का नट है."

"इतना बड़ा? ट्रक का है?"

"नहीं. छोटी गाड़ी है."

तो वरिष्ठाला विचारायला गेला. तेवढ्यात मागून हाक आली. नात धावत आली होती, तिला दम लागला होता. "दादा, आजोबा जेवत नाहीयेत. म्हणतात, इंजिनिअरने चोरी केली. पण खरं सांग, चाक सच में निघालं असतं?"

"कधी ते नाही सांगता येत. निघालं असतं."

"मग त्यांना तसं लिहून दे ना. लेखी मागितलंय ना त्यांनी? मी नेते."

जवानाने परत दिलेला नट बॅगेत टाकून मी तिच्या पिशवीतल्या वहीचा एक कागद मागितला आणि स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहिलं. खाडाखोड झाली ती तशीच राहू दिली. ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप काका,

आपण लेखी मागितलंत, म्हणून लिहितो.

आपण आणलेला हब चांगला आहे, पण डाव्या बाजूचा आहे. उजव्या बाजूला तो नट धरून ठेवणार नाही. कॉलनीत रेघ हलली नाही हे खरं आहे. मोठ्या रस्त्यावर ती हलेल असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी चुकत असेन तर आपला एक रविवार वाया जाईल. आपण चुकत असाल तर चाक निघेल, आणि ते निघेल तेव्हा आपण एकटे नसाल.

हा रविवार आपल्यासाठी काय आहे हे मला माहीत आहे. दुसरं कुणी असतं तर मी सांगून गप्प बसलो असतो. आपल्या बाबतीत मला ते जमलं नाही. मी आज जो काही आहे तो आपल्यामुळे आहे, आणि त्याची परतफेड आपल्या होला हो म्हणून होईल असं मला वाटत नाही.

उजव्या बाजूचा हब मी शोधतो आहे. लाल काच देणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांना आत्ताच मेसेज केला आहे, त्यांनी बघून सांगतो म्हटलं आहे.

नट माझ्याजवळ आहे. वस्तू आपली आहे, त्यामुळे आपण मागितलात तर उद्या सकाळी आणून आपल्या हातात देईन. मग आपल्या बाजूच्या सीटवर मी बसेन. तिला बसवू नका.