आईच्या हातातलं काम

डॉक्टरबाईंनी आईला हातांची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. ती पुढे झुकली आणि पुन्हा मागे टेकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी धरायला पुढे झालो, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. त्यांना करू दे."

आईला उठता आलं नाही.

परळच्या त्या इस्पितळात 'सार्कोपेनिया' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वयामुळे स्नायू झिजतात, ताकद जाते, तो हा आजार. बाईंनी समजावलं, की स्नायूंतलं प्रोटीन रोज थोडं मोडतं आणि रोज नवं बनतं. उतारवयात मोडणं चालूच राहतं, बनणं मंदावतं. ते चालू ठेवायला पोटात प्रोटीन लागतं आणि अंगाला काम लागतं.

मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय करतात या?"

"काही नाही. आम्ही करूच देत नाही," मी अभिमानाने सांगितलं. बाईंनी आईच्या मांडीवरच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. तेव्हा मला माझी चूक कळली.

काळाचौकीच्या चाळीत आई पाणी भरायची, जिने चढायची, बाजार करायची. चाळीच्या जागी टॉवर झाला, लिफ्ट आली. मी कामाला बाई ठेवली. आई नारळ खवायला बसली, की खवणी काढून घ्यायचो. पचणार नाही म्हणून मासे, अंडी बंद केली. रात्री पेज. तिचे पाय थरथरू लागले, तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं.

बाहेर बाकावर बसून मी तिची माफी मागितली. ती मालवणीत म्हणाली, "हातातला सगळा काम काढून घेतलंस. मगे हातांनी काय करूचा?" आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

प्रोटीन वाढवण्याआधी बाईंनी किडनी तपासून घेतली; रिपोर्ट चांगला आला. मग प्रत्येक जेवणात डाळ, अंडं नाहीतर मासा सुरू झाला. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून ऊठ-बस शिकवली. काही महिन्यांनी आई हात न टेकता उठली. गेलेलं सगळं परत येणार नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलंय. त्यांचे उपकार मोठे आहेत.

तुमच्या घरी कुणी थकत चाललं असेल, तर लवकर दाखवा. आणि त्यांचं काम काढून घेण्याआधी त्यांना विचारा.

आईला किती जपतोस, असं शेजारी अजून म्हणतात. मी मान खाली घालतो.

परवा रविवारी आईने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "बांगडे मी घेतंय. तू मागसून ये."