उजवा पदर वर

हातानोबाईंबद्दल चार बरे शब्द लिहून द्या, असं मोगी म्हणाला. मोगी म्हणजे आमच्या मासिकाचा संपादक. "एकोणीस वर्षं मदतनीस म्हणून राबल्या त्या तुमच्याकडे. वाचकांना आवडेल," म्हणे. मोगीला काय जातंय सांगायला! बरे शब्द माझ्याकडे ढीगभर आहेत. ते लिहायचा हक्क तेवढा उरलेला नाही. तरी लिहिते. हे त्याला आवडायचं नाही, आणि नाही आवडलं तरच बरं.

हातानो सुमिए मूळची तोकामाचीची, बर्फातल्या गावची. आई किमोनो शिवायची, त्यामुळे सुई-दोऱ्यातच ही मोठी झाली. अडतिसाव्या वर्षी एकटीच तोक्योला आली आणि नवऱ्या मुलींना किमोनो नेसवायच्या दुकानात लागली. तिथून माझ्याकडे. तेव्हा माझ्या दोन चित्रकथा मासिकाने मध्येच बंद केलेल्या, तोक्योतल्या नेरिमात दोन खोल्यांत मी शाईत बुडून बसलेली. दारात ही बुटकी बाई उभी. पेन्सिली फडक्यात गुंडाळून आणलेल्या.

"तोंडं काढता येत नाहीत मला," ती म्हणाली. "हातही बेताचेच. कपडे येतात."

"कपडेच काढायला कोण ठेवणार तुम्हाला?"

"तुम्ही," ती म्हणाली. "तुमची मागची गोष्ट वाचलीय मी. नायिका किमोनोत आहे की उशीच्या खोळीत, तेच कळत नव्हतं."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती.

शिस्तीची बाई. बाराच्या ठोक्याला डबा. भाताचा गोळा, आत खारवलेला आलुबुखार, रोज तोच. मला मानाने सेन्सेई म्हणायची, पण माझं बोलणं ऐकायची नाही, चित्रं मात्र ऐकायची. "सेन्सेई, ही पोरगी पळतेय की नाचतेय?" "पळतेय." "मग गुडघ्यापाशी किमोनो उघडायला नको? कधी पळालात का तुम्ही किमोनो नेसून?" "मी जीन्स घालते, बाई." "ते दिसतंयच." असं चालायचं दिवसभर. हसायचो आम्ही. पण ती एकटी का, तोक्योला का आली, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. डिसेंबरच्या सहा तारखेला ती न चुकता सुट्टी घ्यायची. मी म्हणायचे, "आमच्या गर्दीच्या दिवसांतच बरं सुचतं तुम्हाला!" आणि ती म्हणायची, "हो ना."

मग 'पुलावरचा देव' आली आणि आमचे दिवस पालटले. एक जुना लाकडी पूल, त्याचा विसरला गेलेला देव. आलेल्या माणसाला हात धरून पलीकडे पोचवायचं एवढंच त्याचं काम. त्याला स्वतःला पुलावरून उतरता येत नाही. शाळेला जाणाऱ्या चिगुसा नावाच्या मुलीला तो दिसतो, तिला एकटीलाच. पुढे काय होणार ते कुणीही सांगेल. पोरी रडून रडून वाचायच्या. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, म्हणून प्रत्येक चौकटीत किमोनो, आणि प्रत्येक किमोनो हातानोबाईंचा. वर्तमानपत्रात छापून आलं, 'सेन्सेईंचा किमोनोचा गाढा अभ्यास.' मुलाखतीत विचारलं तेव्हा मी मान डोलावली. त्या मुलाखतीचं कात्रण बाईंनीच कापून भिंतीला लावलं. मला तेव्हाही लाज वाटली नाही.

एकतिसाव्या भागाची गोष्ट. सोमवारची दुपार, पानं दोनपर्यंत जायची होती. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट. चिगुसा पहिल्यांदा पुलावर पाऊल टाकते, देवाने तिचा हात धरलाय, आणि ती हसतेय. मोगीचा फोन आला.

"सेन्सेई, पोरगी उजवीकडे तोंड करून चाललीय."

"मग?"

"मग काय? वाचक पान उजवीकडून डावीकडे वाचत येतो. त्याला वाटणार, ही परत फिरली. देव तिला पलीकडे नेतोय ना?"

बरोबर होतं त्याचं. नवीन काढायला वेळ नव्हता. संगणकावर एक बटण दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. दाबलं. चिगुसा आता डावीकडे, पुढे चाललेली. फक्कड दिसत होती.

"बाई, एकदा नजर टाका, मग पाठवते."

पानं पाठवण्याआधी शेवटची नजर नेहमी त्यांचीच. त्यांनी एकेक पान बघितलं. शेवटच्या पानावर जरा जास्त वेळ थांबल्या.

"झालं का, बाई? पावणेदोन झाले!"

"झालं," त्या म्हणाल्या.

अंक बाजारात आला आणि संध्याकाळपर्यंत जो काही गोंधळ उडाला! किमोनोचे पुढचे दोन पदर एकमेकांवर घेताना नेसणाऱ्याचा डावा वर घ्यायचा, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उजवा वर घेतात तो फक्त मेलेल्या माणसाला, शेवटचं नेसवताना. चित्र उलटं केलं तसा चिगुसाचा पदरही उलटला होता. अर्धे वाचक म्हणाले, अरे देवा, पोरगी मेली! उरलेले म्हणाले, गाढा अभ्यास म्हणे, हिला साधा पदर कळत नाही.

मोगी घरी आला. बाई तेवढ्यात भाजी आणायला गेल्या होत्या.

"गोष्टीवर कार्टूनपट काढणाऱ्या ॲनिमेवाल्यांशी बोलणं अगदी ठरत आलंय," तो म्हणाला. "त्यांनी तुम्हाला घेतलंय ते ह्या किमोनोवर. अशात चूक तुमची म्हटली तर बरं दिसायचं नाही. मदतनीसाच्या हातून झाली म्हणू या का? नाव थोडंच छापायचंय!"

मी खिडकीतून बघत होते. भाजीची पिशवी घेऊन बाई रस्ता ओलांडत होत्या.

"म्हणा," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द. बटण दाबलं ते चुकून, हे मात्र पुऱ्या शुद्धीत.

पुढच्या अंकात अनुक्रमणिकेखाली माझ्या नावाने ओळ आली: 'मागच्या भागातला उलटा पदर ही मदतनीसाच्या हातून झालेली चूक. क्षमा असावी.' मदतनीस एकच होती. तिचं नाव प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं. मोगीही खुळा आणि मीही.

बाईंनी ती ओळ जेवताना वाचली. डबा बंद केला, उठल्या, माझ्यासमोर कमरेत वाकल्या.

"माझं लक्ष नव्हतं. माफ करा."

तेव्हा मी काय म्हणाले असेन? चूक माझी आहे, बाई, उठा, असं म्हणाले असते तर आज हे लिहायची वेळच आली नसती. मी म्हणाले, "असू दे. होतं असं कधी कधी."

माफ केलं मी त्यांना! माझ्याच चुकीबद्दल! आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वर्षअखेरीला त्यांनी काम सोडलं. गुडघे दुखतात, तोकामाचीला भावाचं मागचं घर रिकामं आहे, म्हणाल्या. मी मिठाईचा डबा दिला. दारात त्या मागे वळून म्हणाल्या, "पुस्तक निघालं की पाठवाल ना? ह्या भागाचं?"

"ह्या भागाचं कशाला, सगळीच पाठवते!"

"नाही, हे नक्की पाठवा," त्या म्हणाल्या.

त्यांच्यानंतर मी दुसरी मदतनीस ठेवली नाही. काम सुधरेना. शेजारचं टेबल तसंच होतं आणि बारा वाजले की माझी नजर तिकडे जायची. पुस्तकाचं काम निघालं तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. मासिकातल्या चुका पुस्तकात सुधारतातच. ती चौकट मी पुन्हा सुलटी केली. नुसता पदरही बदलता आला असता, पण बाईंच्या रेषेला हात लावायची माझी लायकी नव्हती, म्हणून त्यांनी काढली होती तशीच्या तशी ठेवली. मोगी कुरकुरला. त्याला म्हटलं, गप्प बस. आणि शेवटच्या पानावर माझ्या हस्ताक्षरात छापलं: 'एकतिसाव्या भागातली चूक माझी होती. हातानो सुमिए यांच्या हातून पदर कधीच चुकला नाही. मी खोटं बोलले.'

ॲनिमेवाले ह्यावरून मोडले तर मोडोत, असं वाटत होतं. मोडले नाहीत. कुणाला काही पडलेलीच नव्हती. ज्याला भ्यायले ते हे एवढंसं!

पुस्तक टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन गेले. मार्चमध्ये तोकामाचीला अजून कमरेएवढं बर्फ होतं. बाईंनी मला गरम टेबलापाशी बसवलं, पायांवर पांघरूण घातलं, चहा ओतला. "बारीक झालात," म्हणाल्या. "इन्स्टंट नूडल्स गिळता ना दोन्ही वेळ? बोलूच नका, तोंडावर दिसतंय."

कोनाड्यात देव्हारा होता, घरातल्या गेलेल्यांचा. त्यात एका मुलीचा फोटो. सणाचा किमोनो, केसांत फूल, पुढचे दोन दात पडलेले.

मी आधी पुस्तक पुढे ठेवलं. शेवटचं पान उघडून दिलं. त्यांनी माझी ओळ वाचली. मला वाटलं होतं रडतील, निदान रागावतील. त्या म्हणाल्या, "कशाला हे, सेन्सेई?" आणि झरझर पानं मागे उलटत गेल्या. एकतिसाव्या भागाशी थांबल्या. चौकटीवरून बोट फिरवलं.

"सुलटी केलीत होय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काढली होतीत तशीच. जरासुद्धा हात लावला नाही."

"हो. छानच आहे." त्यांनी पुस्तक मिटलं नाही. "मला तेव्हाच दिसलं होतं, सेन्सेई. पाठवायच्या आधी."

"काय दिसलं होतं?"

"पदर. मला नाही दिसणार तर कुणाला?" त्यांनी देव्हाऱ्याकडे हनुवटी केली. "यासुनोला सातवं लागलं तेव्हा देवळात न्यायला मीच नेसवलं होतं. तो फोटो त्याच दिवसाचा. तीन आठवड्यांनी तोच किमोनो पुन्हा नेसवला. उजवा पदर वर घेऊन. सहा डिसेंबरला. माझा हात दोनदा चुकला, सारखा डावाच वर जायचा. सासूबाई ओरडल्या शेवटी."

सहा डिसेंबर. बरं सुचतं तुम्हाला!

"तेव्हापासून मला एकच वाटायचं, एवढीशी पोर, गेली कुणाबरोबर? हात कुणी धरला असेल? आणि त्या दिवशी तुमच्या पडद्यावर तशीच, पदर तसाच, आणि देवाने हात धरलेला. हसत पलीकडे चाललेली. सांगायला हवं होतं मी. तुम्ही घाई करत होतात. 'झालं' म्हणाले. म्हणजे तुम्ही माझं नाव घेतलंत ते खरंच होतं. तुमचं हे पान खोटं आहे."

"बाई, असं बोलू नका."

"मासिकाचा कागद काय, दोन वर्षांत पिवळा पडतो. पुस्तकात येईल म्हणून वाट बघत होते." त्यांनी चौकट माझ्याकडे वळवली. उजवीकडे तोंड करून चिगुसा हसत होती. "आता ही परत येताना दिसते हो, सेन्सेई. परत येत नाहीत."

माफी मागायला आले होते मी. आणि त्यांचं होतं नव्हतं तेही घेऊन बसले.

पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. "मी काढून देते. आत्ता, इथेच." त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. पूल काढला, देव काढला, डावीकडे चाललेली मुलगी काढली. तोंड मी फोटोत बघून काढलं, दोन दात नसलेलं. मग किमोनो. एकोणीस वर्षांत मी एकही पदर काढला नव्हता. उजवा वर, उजवा वर, असं मनाशी घोकत रेष ओढली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आता बरोबर आहे ना?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"तुमच्या उजवीकडचा वर घेतलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिच्या नाही. ही जिवंत आहे, सेन्सेई."

मी खोडरबर शोधायला पिशवीत हात घातला. शाईला खोडरबर! तोवर त्यांनी कागदावर दोन्ही तळवे ठेवले होते.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "खोडू नका."