आजींची पायपेटी

२९ डिसेंबर २०१३, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. योकोहामातील आमच्या शेजारच्या चर्चमध्ये मी ध्वनिमापक घेऊन बसले होते. तेथे पोलंडहून आलेल्या कुटुंबांची नाताळगीते त्यांच्यातल्याच एक आजी या दिवसांत दर रविवारी पायपेटीवर वाजवीत. फादरांना पायपेटी काढून इलेक्ट्रिक पियानो ठेवायचा होता. लोक ज्या वाद्याबरोबर मोठ्याने गातील तेच राहील, असे ठरले होते.

पायपेटीवर आजी प्रत्येक ओळीनंतर भाता भरेपर्यंत थांबत आणि तेवढ्यात म्हातारी मंडळी श्वास घेत. आज आधी पियानो होता. त्यावर त्या कुठेही न थांबता धावत सुटल्या. लोक धापा टाकत गप्प झाले.

"आजी, ही लबाडी आहे. तुम्ही इथेही थांबायला हवे होते."

"याला दम लागत नाही, मग मी कशाला थांबू?" त्या जपानीत म्हणाल्या. "आणि तू मुकी का बसलीस, पोरी? इथे फुकट ऐकायला मिळत नाही."

मग पायपेटीची पाळी आली. निरीक्षकाने प्रयोगात भाग घेऊ नये, हा नियम मला ठाऊक आहे. पोलिश शब्द मात्र ठाऊक नव्हते, म्हणून मी नुसत्या आकारात गायले.

नोंद: पियानो, ६८ डेसिबल. पायपेटी, माझ्यासह, ८१.