वन्संचा बीपीचा पट्टा

आमच्या मोठ्या वन्संनी ज्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला नाही, असा माणूस उभ्या पंचवटीत शोधून सापडायचा नाही. भटजी, रिक्षावाले, भाजीवाल्या, सिलिंडर घेऊन येणारा, भाड्याची खोली बघायला आलेलं नवीन जोडपं, सगळे ह्या पट्ट्यातून गेलेले. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून एकट्या राहतात. खांद्याला शबनम, शबनममध्ये ते मशीन, आणि नजर समोरच्याच्या पोटाच्या घेराकडे. कोणी "कशा आहात?" विचारलं तर त्याचं उत्तर मिळत नाही. "ते राहू दे, तुझी साखर कधी तपासलीस?" असा उलटा सवाल येतो. माझ्या लग्नात माहेरच्यांनी मला नणंदेपासून जपून राहायला सांगितलं होतं, पण ही नणंद पुढे माझ्या आमटीतलं मीठ चाखत फिरेल, हे काही कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यांकडे होतं, पण आमच्याकडे दाराशी वन्सं बसतात, म्हणून आधी दंडाला पट्टा आणि मग कपाळाला कुंकू. एकदा कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू चिडल्या. "मी वाण घ्यायला आले आहे, दवाखान्यात नाही." वन्सं शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही वाण घ्यायला यायचंय ना? मग हात पुढे कर." काकूंनी केला. आकडा चांगलाच चढलेला निघाला. काकू आता रोज गोळी घेतात आणि रोज वन्संना नावंही ठेवतात. रविवारी सकाळी मिसळ खाल्ल्याशिवाय नाशिककराला रविवार आल्यासारखा वाटत नाही. आम्हीही सगळे मिळून जातो. वन्सं बरोबर येतात आणि प्रत्येकाच्या रश्श्यावरची लाल तर्री चमच्यानं काढून रिकाम्या ग्लासात ओततात. दुकानदारानं एकदा हात जोडले, "ताई, लोक त्या तर्रीसाठीच तर येतात हो." "म्हणून तर मीही येते," वन्सं म्हणाल्या. रिक्षा स्टँडवर त्या दिसल्या की तंबाखू मळणारे हात पाठीमागे जातात. सायखेड्याहून मेथी घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याला त्यांनी भर बाजारात धरलं, तेव्हा तो बिचारा काकुळतीला आला. "मावशी, मला काय झालं नाय. मी मेथी विकायला आलोय, तपासायला नाय." तरी तपासलाच. आता तोच लांबून त्यांना बघून बाही वर करतो, मेथीचं नंतर बघतो.

आम्ही हसायचो, पण ह्या खुळाचं मूळ सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान अंबडला एका कारखान्यात होते. एका संध्याकाळी ड्युटीवरून आले ते छाती चोळतच. डबा तिखट होता, पित्त झालं असेल, असं म्हणाले. वन्संनीच त्यांना लिंबू-सोडा करून दिला. ते जरा पडतो म्हणून पडले आणि उठलेच नाहीत. सुतकातून बाहेर पडल्यावर वन्संनी पहिलं काय केलं असेल, तर ते मशीन आणलं. तेव्हापासून त्या भेटेल त्याला बजावतात, "छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, दम लागला, दुखणं हाताकडे नाहीतर जबड्याकडे सरकलं, तर घरात बसून पित्त म्हणायचं नाही. पित्त आहे की काय आहे ते डॉक्टर सांगतील. आपण फक्त तिथपर्यंत वेळेत पोचायचं." एवढं सगळं पाठ असलेली ही बाई स्वतःच्या दंडाला मात्र पट्टा लावायची नाही. विचारलं की "मला काय धाड भरलीय?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक शिजवायचा म्हणजे दांडा धरून घोटत बसायचं, आणि तो गरम असेपर्यंत सोऱ्यातून भराभर कुरडया घालायच्या. त्या दिवशी ज्याचे हात आणि पाठ दुखत नाही तो कामचोर, असा आमच्यात समज आहे. वन्सं दरवर्षी पातेल्याशेजारी बसतात, मुख्यतः मिठावर पहारा द्यायला. त्यांच्या पहाऱ्यामुळे आमच्या कुरडया अळणी होतात आणि पाहुणे त्या गुपचूप लोणच्याला लावून खातात. त्या दिवशी वन्सं घामानं डबडबल्या होत्या, पण उन्हात आणि आचेशी आम्ही सगळ्याच डबडबलो होतो. "सोऱ्या फिरवून दंड भरून आलाय, पाठीत पण धरलंय," म्हणाल्या. सगळ्यांचंच धरलं होतं. मग कोपऱ्यावरच्या काकूंनी मुद्दाम, त्यांना दाखवत, मूठभर मीठ चिकात टाकलं. आम्ही वन्संच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या काहीच बोलल्या नाहीत. काकूंनी आणखी थोडं टाकलं. तरीही नाही.

मी शेगडी बंद केली आणि म्हटलं, "वन्सं, चला दवाखान्यात." त्या म्हणाल्या, "अगं, चीक गार होईल." "होऊ दे." "गहू तीन दिवस भिजवलेत." "वन्सं, तुमचा जबडा दुखतोय का?" त्यांचा हात जबड्याकडे गेला, तेवढं मला पुरलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी भांडण होतं, ती आत कुठून येणार? शेजाऱ्यांनी वन्संना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. साऱ्या गल्लीला चालायला लावणारी ही बाई जिन्यावरून पुटपुटत होती, "सोडा रे, मला चालता येतं." कोणी ऐकलं नाही. पुढे खुर्ची धरलेल्या काकू रडत होत्या. सारखं मिठाचंच बोलत होत्या.

डॉक्टरांनी हातातून नळी घालून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. जीव वाचला. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले, दुखणं आदल्या संध्याकाळीच सुरू झालं होतं. तेव्हाच आणलं असतं तर हृदयाचा बराच भाग वाचला असता. मी ते ऐकून वन्संच्या खाटेशी गेले. "आदल्या दिवशी दुखत होतं, तर बोलला का नाहीत? तुम्हाला कळत नव्हतं असं तर नाही." त्या छताकडे बघत म्हणाल्या, "कळत होतं गं. पण मीच आजारी निघाले तर गल्लीत माझं कोण ऐकणार?" मला राग आला आणि रडूही आलं. "आणि गेला असतात, तर कोणाला ऐकवणार होतात?" मी म्हटलं.

आता त्यांना चढ चढवत नाही, बाजारात दोनदा थांबावं लागतं. गोळ्या वेळेवर घेतात, पण बोलणं कमी झालंय. रोज सकाळी मी विचारते, कसं वाटतंय? "बरंय," म्हणतात, आणि ते खरं की खोटं, ह्या विचारात माझा अर्धा दिवस जातो. एकदा ज्यांनी लपवलं, त्या पुन्हा लपवणार नाहीत कशावरून?

गेल्या महिन्यात, भर दुपारी, त्यांचा फोन आला. आवाज लहान मुलासारखा. "कामात आहेस का? काही नाही, जरा छाती जड वाटतेय. मला भीती वाटतेय गं. ये." मी होते तशी धावले. दवाखान्यात कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं, दोन-तीन तास नजरेसमोर बसवून ठेवलं. तसं काही निघालं नाही, घरी सोडलं. परतताना रिक्षात वन्संची मान खाली. "काहीच नव्हतं. उगीच तुझी धावपळ केली." मी म्हटलं, "वन्सं, अशी उगीच धावपळ तुम्ही मला जन्मभर करायला लावा." रिक्षा पूल ओलांडून पंचवटीत शिरली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि घर आलं तरी तो सोडला नाही.