सुजाता मावशींचं चकमकीचं पिस्तूल

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस पुरता ठाऊक असावा लागतो, आणि मी सुजाता मावशींना माझ्या मास्टर्सच्या काळापुरतंच ओळखत होतो. शिवाय मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील यवतमाळला एस.टी.च्या डेपोत टायर बदलतात. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. नागपूरच्या शाळेत मावशींच्या हाताखालून कितीतरी मुलं शिकून गेली, त्यांच्यापैकी कुणी हे लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं. पण त्यांच्यापैकी कुणी मावशींना टेक्सासच्या उन्हात, पांढऱ्या साडीवर कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ लावून, हातात पिस्तूल घेऊन उभं राहिलेलं पाहिलं नाही. मी पाहिलं. म्हणून हे धाडस.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत महिन्यातून एका रविवारी आपली मंडळी एका अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये बुद्धवंदनेला जमायची. वंदनेनंतर जेवण असे. मी तिथे नवा होतो आणि खरं सांगायचं तर जेवणाच्या ओढीनेच जायचो. पहिल्याच रविवारी भाकरीच्या रांगेत एक ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेल्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय शिकून राहिला तू?"

"मटेरियल्स, मावशी. म्हणजे धातू, त्यांचा कडकपणा वगैरे."

"पोलादावर गारगोटी घासली की ठिणगी पडते. ती ठिणगी गारगोटीची की पोलादाची?"

मी गडबडलो, पण उत्तर येत होतं. "पोलादाची. गारगोटी पोलादाचा बारीक कण खरवडून काढते आणि तो हवेत पेटतो."

"बरोबर," त्या म्हणाल्या. पेपर तपासून खूण करावी तसं म्हणाल्या. "मग शनिवारी गाडी काढ. मला पिस्तूल घ्यायचंय."

त्यांना हवं होतं ते जुन्या काळच्या पिस्तुलाची आज बनवलेली हुबेहूब नक्कल. काडतूस नाही, मॅगझिन नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी ठासायची, आणि घोड्याच्या दाढेत धरलेल्या गारगोटीने ठिणगी पाडून बार काढायचा. मावशींच्या सासरी नव्हे, माहेरी एक पूर्वज कंपनी सरकारच्या पलटणीत होता. त्याचं नाव कुणाला आठवत नव्हतं. घरात त्याला नुसतं 'पलटणवाला' म्हणत. "नाव गेलं, पगार गेला, पेन्शन गेली," मावशी म्हणायच्या. "त्याच्या हाताला जे येत होतं तेवढं तरी पाहून घेते." पलटणवाल्याकडे लांब बंदूक असणार हे त्यांना ठाऊक होतं. "ती माझ्या खांद्याला झेपत नाही. पण गार तीच, चाप तोच."

इतिहास शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लढाया त्यांना तोंडपाठ होत्या. पण त्यांचं एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं: "वाचलेलं आणि केलेलं हे दोन वेगळे विषय आहेत रे. एकात पास झालं म्हणून दुसऱ्यात ढकलत नाहीत."

दुकान फोर्ट वर्थच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत होतं. जुन्या काळाचं सामान विकणारं, चामड्याचा वास भरलेलं. मावशींनी बरोबर प्लास्टिकचं फोल्डर आणलं होतं. त्यात ग्रीन कार्ड, पासपोर्ट, मुलाच्या घराचं विजेचं बिल, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. मी स्टुडंट व्हिसावर, म्हणून हात जॅकेटच्या खिशात घालून दाराशी उभा होतो. कायद्याने चकमकीच्या नकलेला हात लावला तर चालतं की नाही, हे मला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याइतकी हिंमतही नव्हती. गाडीतच मावशींनी बजावलं होतं, "तू हात लावायचा नाही. तुझ्या बापाने टायर उचलून तुला इथवर पाठवलंय. तू फक्त वाच. वाचायला कुठला कायदा आडवा येत नाही."

दुकानदाराने पैसे घेतले आणि पिस्तूल कागदात गुंडाळायला लागला. मावशींनी फोल्डर पुढे सरकवलं. तो हसला. ही जुन्या पद्धतीची वस्तू आहे मॅम, हिला कागद लागत नाहीत, म्हणाला.

परत येताना त्या म्हणाल्या, "लायब्ररीच्या कार्डाला ह्यांनी माझ्याकडे पत्त्याचे दोन पुरावे मागितले होते. आणि ह्याला काहीच नाही?" फोल्डर त्यांच्या मांडीवर तसंच होतं.

पहिले काही आठवडे दारूचा कण नव्हता. घोड्याच्या दाढेत गारगोटीऐवजी लाकडाचा तुकडा बसवून त्या त्यांच्या खोलीत सराव करायच्या. मी माहितीपुस्तिका वाचून मराठीत सांगायचो आणि त्या शब्द दुरुस्त करायच्या. "प्रायमिंग पावडर काय म्हणतोस? रंजक म्हण. आपल्याकडे शब्द आहे." नळीला बाजूने एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणायचं. त्याला लागून एक छोटी वाटी, तिच्यात रंजक. चाप ओढला की घोडा पडतो, गार वाटीवरच्या पोलादी झाकणाला घासते, झाकण उघडतं, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक भडकते, आणि कानातून जाळ आत शिरतो. मग बार. एवढं सगळं एका क्षणात, पण त्या क्षणाला आत एक सांधा आहे. आधी वाटीतला भपका, मग बार. त्या दोहोंच्या मधे हात हलला की नेम गेला.

वंदनेला ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. एका काकांनी जेवताना टोमणा मारलाच. "काय मावशी, इथे पंचशील म्हणायचं आणि घरी पिस्तूल?"

"पहिलं शील, जीव न घेण्याचं, मी रोजच म्हणते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ज्याला ते म्हणायला मिळालं नाही, त्याच्या हातात काय वजन होतं ते पाहून राहिली. तुम्ही भात घ्या अजून."

गावाबाहेरच्या मैदानात जुन्या बंदुकांच्या हौशी लोकांची महिन्यातून एकदा नेमबाजी असे. तिथे अर्ल नावाचे एक वयस्क गृहस्थ नवख्यांना शिकवायचे. मावशींच्या अंगावरची साडी पाहून त्यांनी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले की पदर खोचलेला बरा, ठिणग्या उडतात. गोळीभोवती गुंडाळायला सुती कापड लागतं. मावशींनी जुन्या मांजरपाटाच्या परकराचे गोल तुकडे कापून, चरबी लावून आणले होते. अर्लने एक तुकडा उन्हात धरून पाहिला, बोटांनी ताणून पाहिला, आणि शेजारच्यांना दाखवायला घेऊन गेला.

सगळं रीतसर झालं. दारू मापाने ओतली, गोळी गजाने ठासली, वाटीत रंजक घातली, घोडा चढवला. मावशींनी चाप ओढला. खट्. काही नाही. पुन्हा घोडा चढवला. खट्. नळी समोरच ठेवा, अर्ल मागून म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी ते पिस्तूल हातात घेतलं. गारगोटीवरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"मॅम, ह्याला तेल कुणी लावलं?"

"मी," मावशी म्हणाल्या. "काल. सगळीकडे, नीट."

त्यांच्या घरातल्या शिवणयंत्राला चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने अजून तेल मिळायचं. बाहेर न्यायची वस्तू पुसून, तेल देऊनच न्यायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी गारेला आणि पोलादी झाकणालाही तेवढ्याच मायेने तेल दिलं होतं. ठिणगी पडणार कुठून? मी धातू शिकणारा, मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. अर्ल हसले, मीही हसलो. मावशींनी पदराच्या टोकाने झाकण पुसलं. "पलटणवाला असता तर आज गेला असता," त्या म्हणाल्या. "तुपट हाताने."

तिसऱ्यांदा भपका झाला, आणि मग बार. मी कानावर हात ठेवूनही दचकलो. मावशींचा हात त्या मधल्या सांध्यात हलला नाही. पांढरा, कुजकट वासाचा धूर त्यांच्या तोंडासमोर पसरला आणि बराच वेळ तिथेच राहिला. त्या हसल्या नाहीत. निशाणाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"एवढा धूर," म्हणाल्या. "समोर कोण पडलं ते त्याला दिसतच नसेल रे."

एवढ्यावर हे सगळं थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मावशी मुलाकडे, प्रशांतदादांकडे राहायच्या. दादांची मुलगी अन्वी तेव्हा चौथीत होती. ती इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत, आणि दोघींचं उत्तम चालायचं. अन्वी आजीच्याच पलंगावर झोपायची. पिस्तूल कुलूप लावलेल्या लोखंडी पेटीत, पेटी कपाटात, आणि दारू घरात नाहीच, ती अर्लकडे. सगळं नियमाने. तरी एक दिवस अन्वीने उशी उचलली आणि स्वतःच्या खोलीत नेली. मग ती आजीच्या खोलीत येईचनाशी झाली. काही हवं असलं तर उंबऱ्यावर उभी राहून बोलायची.

हे मावशींनी मला गाडीत सांगितलं. आम्ही मैदानाकडे निघालो होतो, आणि मधेच त्यांनी गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवायला सांगितली.

"त्यांच्या शाळेत ड्रिल असते. दिवे घालवायचे, दारापासून लांब भिंतीला चिकटून बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. कुणी बंदूक घेऊन आला तर म्हणून. मी विचारलं, बेटा, माझ्या खोलीत का येत नाहीस? तर म्हणे, 'आजी, यू हॅव अ गन इन देअर.'"

मी इंजिन बंद केलं.

"मी सांगितलं तिला. जुनी आहे, एक गोळी भरायला किती खटाटोप, पलटणवाला, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, 'पण आजी, माणूस मरतो का त्याने?'" मावशींनी चष्मा काढला. "वर्गात मी कधी खोटं बोलले नाही सिद्धार्थ. पोरांना वास येतो खोट्याचा. मी म्हटलं, हो, मरतो. तिने मान हलवली आणि गेली. मी आयुष्यभर लढाया शिकवल्या, मेलेल्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता."

प्रशांतदादांचं म्हणणं होतं, विकून टाक आई. मावशी म्हणाल्या, विकलं तर दुसऱ्या कुणाच्या कपाटात जाईल, तिथेही कुणी पोर असेलच. त्या दिवशी मैदानावर त्यांनी पिस्तूल अर्लसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, ह्याचा कान बुजवा. किल्ला सोडून जाताना तोफांच्या कानात खिळे ठोकत, तसं. अर्ल आधी समजले नाहीत, मग समजले तेव्हा त्यांना ते सहन होईना. त्यांनी पुष्कळ समजावलं. चांगली वस्तू आहे मॅम, मी सांभाळतो, मला द्या. मावशी ऐकून घेत राहिल्या. शेवटी अर्लने ट्रकमधून हातोडी आणली, कानात पोलादी खिळा बसवला, वरून घासून सपाट केला, आणि नळीत शिसं वितळवून ओतलं. काम संपल्यावर त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

घरी आल्यावर मावशींनी ते अन्वीला दाखवलं. आता ह्याने कुणी मरत नाही, म्हणाल्या. अन्वीने लांबूनच पाहिलं, "ओके," म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली. तेव्हा मी तिथेच सोफ्यावर चहाचा कप धरून बसलो होतो. मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तिला पटायला हवं असं थोडंच आहे? मला वाटलं म्हणून मी केलं." पण त्यांचा आवाज पहिला बार काढला त्या दिवशी होता तसा नव्हता.

नंतर माझी डिग्री झाली, टेक्सासपासून दूर बॉथेलला नोकरी लागली. निघताना पाया पडलो तर मावशींनी पाठीवर थाप मारली. "पहिल्या पगारातून बापाला बूट पाठव. टायर पायावर पडतात." त्या वर्षी फोनवर बोलणं व्हायचं. मी दर वेळी भीत भीत विचारायचो आणि त्या सांगायच्या, "दारातूनच बोलते अजून. चालायचंच." आवाज बारीक होत चालला होता. मग माझ्या टीममध्ये कपात सुरू झाली, व्हिसाची धास्ती, नव्या नोकरीची शोधाशोध. फोन लांबत गेले.

परवा सकाळी ऑफिसच्या शटलमध्ये असताना फ्रिस्कोचा अनोळखी नंबर दिसला. उचलला. मुलीचा आवाज होता, थोडा मोठा झालेला, पण ओळखता आला.

"सिद्धार्थदादा, मी अन्वी. आजी गेली. काल, पहाटे. झोपेत." ती सावकाश, एकेक शब्द निवडून, मराठीत बोलत होती. "बाबा कॉल करणार होता. मी म्हटलं, मी करते."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुला कुणी सांगितलं बेटा, बाबांनी उठवलं का?

"नाही," ती म्हणाली. "मीच बाबाला उठवलं. मी आजीच्याच रूममध्ये झोपते ना."