भंतेजींच्या टोपीचं माप

शेजारच्या सत्यशीलाबाईंनी लोकरीच्या सुया कधी हातात धरल्या नव्हत्या. पण विहारात उतरलेले भंतेजी थंडीने कुडकुडताना दिसले आणि बाईंनी ठरवलं, रविवारी ते राजुऱ्याला निघण्याआधी जाड टोपी विणायचीच. माप घेतलं नवऱ्याच्या, बापूरावांच्या डोक्याचं. शुक्रवारी वंदनेनंतर टोपी दिली, तर ती भंतेजींच्या डोळ्यांवर घसरली. बापूरावांचे दाट कुरळे केस मापात आले होते!

भंतेजींच्या मुंडन केलेल्या डोक्याला हात लावून माप कसं घ्यायचं? बाईंनी टोपी उसवली आणि बापूरावांना म्हणाल्या, “जा, डोकं भादरून या.”

“टोपीसाठी मले टकला करतेस काऊन वो?”

“केस येतीन परत. भंतेजी नाई थांबनार.”

आज राजुऱ्याला निघताना नवी टोपी भंतेजींना नीट बसली. भादरलेल्या डोक्याला मफलर गुंडाळलेले बापूराव म्हणाले, “आता मले विण.”